श्री नसलेले कार्ड

॥ श्री ॥

पुंडलिकनगर, औरंगाबाद
४ फेब्रुवारी १९९१

चि. बद्रीनाथ यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र लहान आहे. नीट वाच.

तुझी भागीरथी माझ्याकडे राहून शाळेत शिकवू लागली त्याला तीन वर्षे झाली. एवढ्या काळात तुम्ही तिच्यासाठी अकरा स्थळे पाहिलीत. एकाला मुलगी उंच वाटली, एकाला तिचे शिक्षण जास्त वाटले आणि एकाने तर तिलाच आपले शुद्धलेखन तपासायला लावले व मग नकार दिला. बारावे स्थळ मी पाहिले आहे. मुलगा तिच्याच शाळेत गणित शिकवतो. आडनाव पाटोळे. निर्व्यसनी आहे, वेळेवर येतो, चपला सरळ काढून ठेवतो. वडील नाहीत. आई सारजाबाई जालन्याला दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त आहेत. मी दोनदा त्यांच्या घरी जाऊन आले. घर स्वच्छ आहे आणि माणसे मोजके बोलतात.

सारजाबाई येत्या आठवड्यात तुला कार्ड पाठवतील. बाकीचे त्या लिहितीलच. तू आठ दिवसांत उत्तर दे. आईला कार्ड मोठ्याने वाचून दाखव. गाळून वाचू नकोस. तुला लहानपणापासून ती सवय आहे.

तुझी आक्का,
द्वारका

॥ श्री ॥

मौजे चिंचखेडा, ता. कन्नड
१६ फेब्रुवारी १९९१

ती. आक्कास,
बद्रीनाथचा शिरसाष्टांग नमस्कार.

जालन्याला कोण वारलं ते आधी कळव.

मंगळवारी आई अंगणात शेंगा निवडत होती. केरबा पोस्टमन आला तोच तोंड पाडून. म्हणला, "मावशी, अशुभाचं कार्ड हाय. जालन्याहून." वर श्री नाय. श्रीच्या जागी एक उभी रेघ अन् एक आडवी. आपल्यात मयताच्याच पत्रावर श्री नसतो, एवढं केरबाला बी कळतं. आईनं मला हात लावू दिला नाय. केरबालाच म्हणली, "सगळं नको वाचू. कोण गेलं तेवढं बघ." त्यानं मधलीच एक ओळ वाचली, "वधस्तंभाच्या सावलीत आमचे घर." वध म्हणल्याबरोबर आईनं कार्ड वढून घेतलं, उभं फाडलं, आडवं फाडलं अन् उकिरड्यावर टाकलं. सगळ्यांनी डोक्यावरून पाणी घेतलं. केरबानं बी घेतलं, आपल्याच हौदावर.

तीन दिवस सुतक धरलं. कढई चढवली नाय. बन्सीमामाच्या नातवाचं बारसं होतं, तिथं बी गेलो नाय. आई रोज रडायची, पन कुणासाठी रडायचं ते ठावं नसल्यानं तिचा जीव लई घुटमळला. काल म्हणली, "गडी होता का बाई, तेवढं तरी कळवायचं." चुलते तात्यासाहेब म्हणतात, वध झालाय तर पोलीस केस आसल, आपण कशात नाव गुतवू नये.

त्या सारजाबाईंचं कार्ड मातर अजून आलं नाय. त्यांना म्हणावं, लवकर लिव्हा. बन्सीमामा पाडव्यानंतर वैजापूरचं एक स्थळ घेऊन येनार हायेत. विहिरीला बारमाही पाणी हाय म्हणं.

तुझा,
बद्रीनाथ

॥ श्री ॥

पुंडलिकनगर, औरंगाबाद
२० फेब्रुवारी १९९१

चि. बद्रीनाथ यास,
आशीर्वाद.

कोणीही मेलेले नाही. आईला आधी हे सांग आणि मग पुढे वाच.

तुम्ही फाडलेत तेच सारजाबाईंचे कार्ड. त्यात त्यांनी तुझ्या मुलीला मागणी घातली होती. मागणी आल्यावर लोक साखर वाटतात. तुम्ही आंघोळी केल्यात.

पाटोळे ख्रिस्ती आहेत. मुलाचे नाव शमुवेल. ख्रिस्ती माणसे पत्रावर श्री घालत नाहीत, त्यांच्यातले काही वर क्रूस काढतात. मुसलमान पत्रावर ७८६ लिहितात, तेव्हा केरबा आंघोळ करतो का? विचार त्याला.

आता शब्दाचे. वधस्तंभ म्हणजे वध करण्याचा खांब. वध आणि स्तंभ, दोन्ही शब्द संस्कृत. रोमन लोकांच्या राज्यात माणसाला आडव्या-उभ्या लाकडावर खिळे ठोकून मारत. येशूला तसे मारले. वय तेहतीसच्या आसपास. त्याची आई समोर उभी होती. ज्यांनी त्याचा ग्रंथ मराठीत आणला त्यांनी त्या लाकडाला वधस्तंभ म्हटले. बोलताना लोक क्रूस म्हणतात. तो इंग्रजी क्रॉस या शब्दाचा बिघडलेला अवतार आहे. पाटोळ्यांच्या घरात कोणाचा वध होत नाही. सारजाबाईंनी उलट एकतीस वर्षे माणसे जगवण्याचे काम केले आहे.

आणि आपल्या वेशीतला खांब आठव. दसऱ्याला त्याला रेडा बांधत. रेडा बंद होऊन जमाना झाला, पण आई अजून दर अमावास्येला त्या खांबाला शेंदूर लावते. तोही वधस्तंभच. ज्या घरातून त्याला शेंदूर जातो त्या घराने दुसऱ्याच्या खांबाला भिऊ नये.

शेवटचे. भागीरथीने मला सांगितले आहे की बाबा आणि आजी आल्याशिवाय ती नोंदणीच्या कागदावर सही करणार नाही. वैजापूरलाही जाणार नाही. ती सव्वीस वर्षांची आहे. कायद्याने तिला तुझी परवानगी लागत नाही, तरी ती तुझ्यासाठी थांबली आहे. याचा अर्थ तुला कळत नसेल तर कळव, मी तो वेगळ्या कागदावर लिहून पाठवीन.

तुझी आक्का,
द्वारका

॥ श्री ॥

पुंडलिकनगर, औरंगाबाद
२० फेब्रुवारी १९९१

श्रीमती सारजाबाई पाटोळे यांस,
स. न.

तुमचे कार्ड आमच्या गावी पोचले, पण वाचले गेले नाही. वर श्री नव्हता, मजकुरात वध होता, त्यामुळे ते मृत्यूचे कार्ड समजून माझ्या आईने फाडले आणि घरादाराने तीन दिवस सुतक धरले. कोणाचे ते अद्याप ठरलेले नाही. हे लिहिताना मला लाज वाटते, पण तुमच्यापासून लपवणे बरे नाही.

कृपा करून दुसरे कार्ड पाठवावे. या खेपेस वर क्रूस काढू नये, श्री घालावा. वधस्तंभ हा शब्द टाळावा. त्याऐवजी क्रूस चालेल. तो इंग्रजीचा अपभ्रंश असला तरी त्याने कोणी दचकणार नाही. मी मजकूर तयार करून सोबत जोडला आहे. तो सुवाच्य अक्षरात उतरवून पाठवावा, म्हणजे प्रश्नच येणार नाही.

आपली,
द्वारकाबाई

†

जालना
२५ फेब्रुवारी १९९१

प्रिय द्वारकाबाई,
सप्रेम सलाम.

तुमचे पत्र वाचून मी एवढी हसले की शेजारीण धावत आली. तिला वाटले, मला दम लागला.

तीन दिवस सुतक! अहो, आमच्यातही शोक बरोबर तिसऱ्या दिवशी सुटतो. शुक्रवारी तो मेला, रविवारी उठला. तुमच्या आईंनी कोणाचे सुतक धरले ते तुम्हाला ठरवता येत नसले तरी मला ठाऊक आहे.

तुमचा मजकूर परत पाठवते आहे. अक्षर सुंदर आहे. पण उतारा काढणे मी चौथीत सोडले.

श्रीला माझी हरकत नाही. तुमच्या पत्रावरचा श्री मी कधी खोडला आहे का? हरकत आहे ती क्रूस पुसून टाकायला. का ते सांगते. माझे वडील मुंजाबा, मिशनच्या विहिरीवर मोट हाकायचे. त्यांना अक्षर येत नव्हते. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचे राज्य गेले, कागद मराठीत होऊ लागले आणि आमच्या घराच्या जागेचा कागद करायला वडील मला घेऊन कचेरीत गेले. मी दहा वर्षांची. कारकुनाने विचारले, "निशाणी काय?" सही न येणाऱ्या कुणब्याची निशाणी नांगर, बाईमाणसाची बांगडी, हे तुम्हाला माहीत आहे. वडिलांकडे नांगर नव्हता. त्यांनी टाक घेतला आणि क्रूस काढला. कारकुनाने बाजूला लिहिले, "निशाणी फुली." मला नुकते वाचता येऊ लागले होते. मी वडिलांच्या कानात सांगितले. ते हात जोडून म्हणाले, "साहेब, फुली चुकलेल्याला आस्ती. म्या चुकलो नाय. क्रूस लिव्हा." कारकून रागावला, पण त्याने लिहिले. "निशाणी क्रूस, मुंजाबा." त्या दिवसाच्या आधी वडिलांना कोणी त्यांच्या नावाने हाक मारलेली मी ऐकली नव्हती. कशाने मारीत ते मी लिहीत नाही.

म्हणून माझ्या पत्रावर तो असतो. तेवढे एक अक्षर आमच्या घरात वडिलोपार्जित आहे.

आता शब्दाचे. द्वारकाबाई, तुम्ही चुकता आहात. क्रूस इंग्रजीतून आलेला नाही. इंग्रजांच्या आधी पोर्तुगीज आले, त्यांच्या क्रुझचा आपण क्रूस केला. माझ्याबरोबर गोव्याची एक नर्स होती, ती खुरीस म्हणायची. आम्ही प्रार्थनेत वधस्तंभ म्हणतो आणि घरात क्रूस. कचेरीतला तो दिवस सोडला तर वडिलांना दोन्ही जड जायचे, ते नुसते खांब म्हणत. पुढे आमचे पाळकसाहेब एकदा म्हणाले की मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही आधी नुसता उभा खांबच होता. वडिलांना ग्रीक येत होते हे आम्हाला तेव्हा कळले.

तुमची,
सारजा पाटोळे

॥ श्री ॥

मौजे चिंचखेडा, ता. कन्नड
१ मार्च १९९१

ती. आक्कास,
बद्रीनाथचा शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. काही गाळलं नाय. रेड्याच्या खांबाचं आलं तशी आई उठून गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाय, जसा काय तो खांब म्याच रोवला. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणली, "बद्री, त्यांच्या खांबाला शेंदूर कोण लावतं?"

म्या म्हणलं, "कुणी लावत नसल."

"म्हंजी कोरडाच?"

"व्हय."

एक भाकर झाली. मग म्हणली, "त्याची आई तिथं उभी होती म्हणं?"

"आक्कानं तसंच लिव्हलंय."

"मग तिनं त्याला खाली का नाय उतरवलं?"

याचं उत्तर तुला येत आसल तर लिव्ह.

पन आक्का, एक बोलतो, राग धरू नको. तू मला म्हणतीस गाळून वाचू नको. तू तर गाळून लिव्हलंस. "आडनाव पाटोळे" लिव्हलंस अन् पोराचं नाव गिळलंस. मला सरळ सांगितलं आसतं तर म्या केरबाच्या हातून कार्ड वाचवलं नसतं का?

तात्यासाहेबांनी एकच विचारलं, "किरिस्ताव व्हायच्या आधी ते लोक कोण?" मला ठावं नाय म्हणलं. ते म्हणले, ते कळल्याबिगर मी लग्नाला येनार नाय, अन् कळल्यावर तर येनारच नाय. भावकीचं मला भ्या वाटतं, खोटं कशाला सांगू. उद्या विहिरीच्या पाळीवर, बांधावर ह्याच लोकांशी गाठ हाय. पन भागीला सांग, बापानं अजून नाय म्हणलेलं नाय.

केरबाला ७८६ चं विचारलं. म्हणला, "ते आकडे हायेत. आकड्याला काय भ्यायचं?"

तुझा,
बद्रीनाथ

॥ श्री ॥

पुंडलिकनगर, औरंगाबाद
६ मार्च १९९१

सारजाबाई यांस,
स. न.

मी गुलमंडीजवळच्या वाचनालयात जाऊन कोश पाहिला. क्रूस पोर्तुगीजच आहे. तुम्ही बरोबर आहात आणि मी चुकले. हे वाक्य मी चौतीस वर्षांच्या नोकरीत लिहिलेले नव्हते, त्यामुळे कसे लिहितात ते आज शिकले. एवढी वर्षे मी लाल शाईने मुलांच्या उत्तरांवर फुल्या मारल्या. तुमच्या वडिलांचे फुलीविषयीचे म्हणणे मला पटले.

मी तयार केलेला मजकूर फाडून टाकला. आमच्या घरात फाडण्याची परंपरा आहेच.

बद्रीनाथाने मला बरोबर पकडले. तुम्ही ख्रिस्ती आहात हे मी त्याला पहिल्या पत्रात लिहिले नव्हते. ते तुमच्यावर ढकलले. विद्यार्थ्याने असे केले असते तर मी त्याला भित्रा म्हटले असते.

आता तुम्ही बद्रीला लिहू नका. त्याला भावकीचे भय आहे आणि ते खोटे नाही. माझ्या आईला लिहा, साळूबाईला. वर तुमचा क्रूस काढा, हवा तेवढा मोठा. वडिलांच्या निशाणीची हकिकत लिहा, कारकुनासकट, मला लिहिली तशीच. आईलाही अक्षर येत नाही. पोलीस ॲक्शननंतर जमिनीचे कागद झाले त्यावर तिची निशाणी बांगडी आहे, आणि तेव्हा कारकून हसला होता हे ती अजून विसरलेली नाही.

आमचे चुलते तात्यासाहेब विचारतात, तुम्ही आधी कोण होतात. मी तुम्हाला ते विचारलेले नाही. उत्तर द्यायलाच हवे असे नाही.

आईने मात्र एक प्रश्न विचारला आहे, तो तुमच्याकडे पाठवते. त्याच्या आईने त्याला खाली का उतरवले नाही?

भागीरथी वह्या तपासते. काल एका मुलाला वीसपैकी बावीस गुण दिले.

आपली,
द्वारका

†

जालना
१२ मार्च १९९१

साळूबाई यांस,
सारजाचा सलाम.

तुमचा प्रश्न द्वारकाबाईंनी कळवला. तिथे शिपाई होते, त्यांच्या हातात भाले होते. आई काही करू शकत नव्हती. म्हणून ती नुसती उभी राहिली. निघून गेली नाही, एवढेच तिच्या हातात होते. मी दवाखान्यात अशा पुष्कळ आया पाहिल्या. खाटेजवळ उभ्या राहायच्या. त्यांना बसा म्हटले तरी बसायच्या नाहीत.

वर काढली आहे ती माझ्या वडिलांची निशाणी. तिची हकिकत सोबतच्या दुसऱ्या कार्डावर लिहिली आहे, ती बद्रीनाथरावांकडून वाचून घ्या. आम्ही आधी कोण होतो ते तुमच्या घरात विचारतात असे कळले. लपवायचे काही नाही. आम्ही गावकुसाबाहेरचे होतो. विहीर आम्ही खणायचो, पाणी दुसरे भरायचे. हे कळून तुम्ही नाही म्हणालात तर मी तुम्हाला वाईट म्हणणार नाही, पण पुन्हा विचारणारही नाही.

आता विचारते. तुमची नात माझ्या शमुवेलला द्या. ती तुमच्याशिवाय सही करायची नाही म्हणते. अशी मुलगी मला सून म्हणून हवी आहे.

सारजा

॥ श्री ॥    †

मौजे चिंचखेडा
२० मार्च १९९१

सारजाबाईस,
साळूबाईचा राम राम. मी सांगती तसं बद्री लिव्हतोय. जागा पुरावी म्हणून मुंगीवाणी लिव्ह म्हणलंय त्याला.

तुमची कार्डं घेऊन केरबा वेशीतूनच वरडला, "मावशी, पुन्यांदा तेच!" म्या म्हणलं, "आन हिकडं. माणूस जित्तं हाय."

तुमच्या बापाची निशाणी पाहिली. सरळ हाय. माझी बांगडी तर वाकडी आली होती, तवा तो कारकून दात काढून हसला. म्या काही बोलले नाय. तुमचा बाप बोलला. ते मला लई बरं वाटलं, चाळीस वर्सांनी का व्हईना.

तो खांबावरचा तेहतीस वर्साचा म्हंजी पोरच की. म्या तीन दिवस रडले ते वाया गेलं म्हणत होते सगळे. वाया नाय गेलं. आईच्या डोळ्यांदेखत गेलेल्याचं सुतक कुणी तरी धरावंच लागतं. कार्ड फाडलं त्याचं मातर मनाला लागलंय. उकिरड्यावर जाऊन बघितलं, घावलं नाय.

गावकुसाचं लिव्हलं ते वाचून बद्री मला म्हणला, "आई, भावकी?" म्या म्हणलं, भावकी तुझा बाप गेला तवा बी जेवायलाच आली होती. तात्यासाहेब येनार नायत. त्यांचं ताट वाढून ठिवू, आलं तर आलं. वैजापूरच्या लोकांना बद्रीनं काल नाय कळवलं. सवता सायकलवर जाऊन आला.

भागी तुमची झाली. वैशाखात आम्ही दोघं येतो, तारीख द्वारकीला काढाया सांगा, तिला हुकूम करायची हौस हाय. शेंदूर तुमच्यात चालत नाय म्हणं, न का चालंना. पन लाकूड कोरडं ठिवू नये, चिरतं. येताना गोडंतेलाची शिशी आनती.

वर श्री बी काढाया लावला अन् तुमचा खांब बी, म्हंजी केरबाला भ्या नको अन् तुम्हाला राग नको.

हे कार्ड फाडू नका.

निशाणी बांगडी ◯
साळूबाई